घाटघरचे प्रतिमागृह

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर नावाचे छोटे गाव आहे. (याच नावाचे दुसरे गाव अकोले तालुक्यात आहे. तेथील जलविद्युत प्रकल्पामुळे ते अधिक प्रसिद्ध झाले आणि दोन्ही गावांची गल्लत नेहमी होते.) जुन्नरहून सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला आले की पठार संपते, कडा तुटतो आणि खाली मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावापर्यंत एक अरुंद नळी उतरत जाते. हाच नाणेघाट. घाटमाथ्यावरचा अंगठ्यासारखा सुळका, म्हणजे ‘नानाचा अंगठा’, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आणि पावसाळ्यात उलटे उडणारे पाणी यांची छायाचित्रे आता घरोघर पोचली आहेत. त्याच घाटाच्या तोंडाशी, माथ्यापासून थोडे खाली, कातळात खोदलेले एक दालन आहे. येणारी बहुतेक मंडळी तेथे टेकतात, डबा उघडतात आणि पुढे निघतात. दालन बांधणाऱ्यांच्या मनातही काही अंशी हेच असावे, कारण वाटसरूने टेकावे म्हणून त्यांनी आत भिंतींना लागून ओटे कोरून ठेवले. परंतु एवढ्याचसाठी ते खोदलेले नाही.

वास्तू म्हणून पाहिले तर या दालनात डोळ्यांत भरावे असे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाची प्रमाणबद्धता येथे नाही. कार्ल्याचे स्तंभ नाहीत की भाज्याची कोरीव नजाकत नाही. चौरसाकडे झुकणारी खोली, सपाट छत, तिन्ही बाजूंना ओटे आणि समोरची बाजू दरीकडे उघडी. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत आणि त्यांतली बहुतेक सारी बौद्ध भिक्षुसंघासाठी केलेली आहेत. चैत्य, विहार, पाण्याची टाकी, दात्यांचे छोटे लेख हा त्यांचा ठरलेला साचा. नाणेघाटचे दालन त्या साच्यात बसत नाही. येथे स्तूप नाही, भिक्षूंच्या निजण्याच्या खोल्या नाहीत, देवाचा गाभाराही नाही. हे धर्मस्थान नव्हे. एका राजघराण्याने आपल्या राज्यातील रहदारीच्या वाटेवर उघडलेली ही जणू घरची ओसरी आहे. ओसरीवर पूर्वजांच्या तसबिरी लावाव्यात तशा येथे मागच्या भिंतीवर घरातल्या माणसांच्या प्रतिमा कोरल्या होत्या आणि उजव्या-डाव्या भिंतींवर घराण्याची कीर्ती लिहिली होती.

त्या आठ प्रतिमा पुरुषभर उंचीच्या होत्या. आज त्यांचे पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत आणि डोक्यांच्या वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे. मधला माणूस नाहीसा झाला. पहिले नाव ‘राया सिमुक सातवाहन’, म्हणजे पुराणांतील वंशावळींनी ज्याला शिशुक, सिंधुक अशा नाना रूपांत जपले तो घराण्याचा संस्थापक. त्यानंतर राणी आणि राजा यांचा जोडलेख येतो. त्यात ‘देवी नायनिका’ आधी आणि ‘राजा श्री सातकर्णी’ नंतर आहे. राणीला राजाच्या आधी बसविणारा हा क्रम नजरेआड करण्याजोगा नाही. पुढे ‘कुमार भाय…’ असे अर्धवट नाव. त्यापुढच्या प्रतिमेचा लेख पुरता गेलेला आहे. मग ‘महारठी त्रणकयिर’, ‘कुमार हकुसिरि’ आणि शेवटी ‘कुमार सातवाहन’.

प्राचीन भारतात राजघराण्यातील मृत आणि जिवंत व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र ठेवण्याची रीत होती, याचे पुरावे थोडे पण ठसठशीत आहेत. मथुरेजवळच्या माट येथे १९११-१२ च्या सुमारास कुषाण राजांचे देवकुल उजेडात आले. तेथील कनिष्काचा प्रसिद्ध पुतळा आज मथुरेच्या संग्रहालयात आहे. त्यालाही शिर नाही, पण पायांतले जाड बूट आणि अंगरख्यावर कोरलेले नाव शाबूत आहे. वाङ्मयातला पुरावा भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमानाटका’चा. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीबाहेरील प्रतिमागृहात शिरतो, पूर्वजांच्या रांगेत दशरथाची प्रतिमा पाहतो आणि वडील गेल्याचे त्याला तेथे कळते. माटचे देवकुल नाणेघाटानंतरचे आहे. नावानिशी ओळखता येणाऱ्या राजकुटुंबाची अशी रांग याहून आधीची आपल्याकडे दाखविता येत नाही. म्हणून घाटघरच्या त्या आठ जोडी पावलांची किंमत नुसत्या पुरातत्त्वाची नाही. भारतीय व्यक्तिशिल्पाचा इतिहास जेथून मोजायला सुरुवात करावी ती ही जागा आहे आणि मोजण्यासाठी हाती उरले आहेत ते घोटे.

आता बाजूच्या भिंती. डाव्या भिंतीवर दहा ओळी आणि उजव्या भिंतीवर दहा, असा वीस ओळींचा हा लेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. आरंभी धर्म आणि इंद्र यांना वंदन आहे, मग संकर्षण आणि वासुदेव या जोडीला, चंद्रसूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. संकर्षणाचे, म्हणजे बलरामाचे, नाव वासुदेवाच्या आधी येते. राजस्थानातील घोसुंडीच्या लेखातही क्रम हाच आहे आणि वडील भावाचा मान आधी ठेवणाऱ्या त्या जुन्या भागवत संप्रदायाचा हा दक्षिणेतला फार मोलाचा उल्लेख मानला जातो. त्यानंतर कुमार वेदिसिरीचे नाव येते आणि मग एका स्त्रीचे दीर्घ वर्णन सुरू होते. ती महारठीची कन्या आहे, अंगिय कुळाची आहे, दक्षिणापथाच्या स्वामीची भार्या आहे, वेदिसिरि आणि सतिसिरि यांची माता आहे. तिने महिना महिना उपवास केले, घरात राहून तापसीसारखे जीवन घालविले, ब्रह्मचर्य पाळले, दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत ती निष्णात होती. ‘गहतापसा’ हा तिच्यासाठी योजलेला शब्द मला तरी या साऱ्या लेखातला सर्वांत जिवंत शब्द वाटतो. राजवाड्यात राहणारी, दोन मुलांना वाढविणारी, राज्यावर नजर ठेवणारी विधवा ‘घरातली तपस्विनी’ म्हणून स्वतःची ओळख कोरून ठेवते.

गंमत अशी की त्या लांबलचक वर्णनात तिचे नाव आज वाचता येत नाही. लेख जागोजागी फुटला आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ‘नागनिका’ म्हणून जी राणी आपल्याला भेटते, तिचे नाव मिळते ते मागच्या भिंतीवरून, नाहीशा झालेल्या प्रतिमेवरच्या त्या छोट्या जोडलेखातून. भिंती एकमेकींना वाचून दाखवितात, असे म्हटले तरी चालेल. बाजूच्या भिंतीवरची स्त्री कोण हे मागची भिंत सांगते आणि मागच्या भिंतीवरचा ‘महारठी’ राजघराण्याच्या रांगेत काय करतो आहे हे बाजूची भिंत सांगते. तो राणीचा पिता असावा. सासरच्या ओसरीवर माहेरच्या माणसाला पुरुषभर उंचीचे स्थान देणारी ही स्त्री कोणत्या बळावर उभी होती, हे त्या एका प्रतिमेवरून समजते. सातवाहनांना दख्खनमध्ये पाय रोवण्यासाठी महारठींसारख्या स्थानिक सरदारकुळांचा आधार हवा होता आणि हा विवाह त्या आधाराचा करार होता. पुढे जुन्नर परिसरात सापडलेल्या एका चांदीच्या नाण्यावर राजाबरोबर राणीचेही नाव आढळले, तेव्हा या कल्पनेला धातूचा पुरावा मिळाला.

रांगेत कोण नाही हेही पाहण्यासारखे आहे. पुराणे सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण राज्यावर आल्याचे सांगतात आणि नाशिकच्या लेण्यांत कण्ह राजाच्या काळचा लेख आहे, तेव्हा तो होऊन गेला यात शंका नाही. घाटघरच्या भिंतीवर, निदान वाचता येणाऱ्या नावांत, तो नाही. म्हणून पुराणांनी सातकर्णीला कृष्णाचा मुलगा ठरविले असले तरी तो सिमुकाचाच मुलगा असावा, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला. कुटुंबाच्या सामूहिक छायाचित्रातून एखाद्या काकांना वगळलेले असते, त्याला कारणे असतात.

या लेखातले यज्ञ मोजत बसले तर दमायला होते. दोन अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, गवामयन, आप्तोर्याम, गर्गातिरात्र, अंगिरसातिरात्र, दशरात्र, त्रयोदशरात्र आणि आणखी कित्येक. प्रत्येकापुढे दक्षिणेचा हिशेब आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे, चांदीची भांडी, रथ आणि कार्षापण नाणी. एके ठिकाणी दक्षिणा २४,४०० कार्षापणांची आहे आणि त्याखेरीज इतरांच्या बिदागीचे ६,००१. गाई कोठे ११०१, कोठे १०,००१. वर एक ठेवण्याची आपल्या आहेराच्या पाकिटातली रीत किती जुनी आहे, हे येथे दिसते. हे यज्ञ राणीने केले की राजाने, यावर पंडितांत बरेच लिहून झाले. श्रौतकर्माचा स्वतंत्र अधिकार विधवेला नाही, म्हणून पती हयात असताना दोघांनी मिळून केलेल्या यज्ञांची ही यादी तिने मागाहून कोरविली, हा पक्ष अधिक पटण्याजोगा आहे. पण यादी कोरविण्याचा निर्णय तिचा होता आणि जागाही तिनेच निवडली. राजधानीत नव्हे, देवळात नव्हे, तर घाटात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल जुन्नरमार्गे पैठणकडे जातो त्या वाटेच्या सर्वांत अरुंद ठिकाणी, जेथून प्रत्येक व्यापाऱ्याला जावेच लागते आणि धाप लागल्यामुळे थांबावेही लागते. ज्या नाण्यांची दक्षिणा दिली ती ज्या रस्त्याने गोळा झाली, त्या रस्त्यालाच हा हिशेब दाखविला आहे. दालनाचा काळ कोणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात नेतात, पण अक्षरवळणावरून इ. स. पूर्व पहिल्या शतकाकडे कल अधिक आहे.

ही वास्तू आपल्याला परत मिळाली ती मात्र परक्यांच्या आणि परप्रांतीयांच्या हातून. मुंबई सरकारच्या सांख्यिकी पाहणीचे काम करणारा कर्नल विल्यम साईक्स १८२८ साली येथे आला. हाच साईक्स पक्षिशास्त्रातही प्रसिद्ध आहे आणि दख्खनच्या माळावरचा एक चंडोल त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याने लेख पाहिले, उतरविले. पण वाचणार कोण? ब्राह्मीची किल्ली जेम्स प्रिन्सेपच्या हाती लागायला १८३७ साल उजाडावे लागले. त्यानंतरही नाणेघाटच्या लेखातील अनेक चिन्हे अडून राहिली, कारण ती अक्षरे नव्हतीच.

ते आकडे होते. हे नीट उलगडून दाखविले जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेला हा अद्वितीय लिपिज्ञ १८७६ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात नाणेघाटच्या अंकांवर लिहून गेला. एकासाठी आडवी रेघ, दोनासाठी दोन आडव्या रेघा, दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. २४,४०० म्हणजे वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी. या पद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. आणि तरीही आपल्या आजच्या अंकांपैकी काहींचे पूर्वज याच भिंतीवर ओळखू येतात. इतक्या विविध संख्या एकाच ठिकाणी देणारा याच्याइतका जुना लेख भारतात दुसरा नाही. राणीने दानाचा डौल मिरविण्यासाठी जे आकडे कोरविले, ते गणिताच्या इतिहासाला तिच्या यज्ञांपेक्षा अधिक उपयोगी पडले.

संपूर्ण लेखाची चिकित्सक आवृत्ती आली १८८३ मध्ये, जेम्स बर्जेस यांच्या ‘आर्किऑलॉजिकल सर्व्हे ऑफ वेस्टर्न इंडिया’च्या पाचव्या खंडात, आणि ती केली होती गेओर्ग ब्यूलर या जर्मन पंडिताने. हॅनोव्हर राज्यातील बोर्स्टेल या खेड्यात १८३७ साली जन्मलेला, ग्यॉटिंगेनला बेन्फायकडे संस्कृत शिकलेला ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईला आला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्याने शिकविले, शिक्षणखात्यात नोकरी केली, गुजरात-राजस्थानात हस्तलिखितांमागे पायपीट केली आणि प्रकृती ढासळल्यावर युरोपात परतून व्हिएन्नाला प्राध्यापक झाला. नाणेघाटचा लेख छापून आला तेव्हा तो व्हिएन्नात होता. त्याच्या वाचनावर पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी घाटघरच्या राणीची जी गोष्ट आपण आज सांगतो तिचा सांगाडा ब्यूलरचा आहे. हकुसिरि हे शक्तिश्रीचेच प्राकृत रूप असावे आणि म्हणून मागच्या भिंतीवरचा कुमार हकुसिरि म्हणजे लेखातला सतिसिरि असावा, ही जोडणी त्याचीच. भगवानलाल गुजरातीत लिहीत आणि त्यांचे नेपाळचे लेख इंग्रजीत आणले ते ब्यूलरने. एका घाटातल्या एका भिंतीपुढे जुनागढ आणि हॅनोव्हर यांची अशी गाठ पडली. १८९८ च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टन्स सरोवरात होडी घेऊन गेलेला ब्यूलर परत आला नाही. त्याचा ब्राह्मी आणि तिच्या शाखांवरचा जर्मन ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला होता.

नाणेघाटचे हे दालन केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. १९०४ च्या कर्झनकालीन कायद्याने अशा वास्तूंना पहिल्यांदा छत्र मिळाले, १९५८ च्या कायद्याने ते स्वतंत्र भारतात कायम झाले आणि २०१० च्या दुरुस्तीने स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास शिक्षा पूर्वी तीन महिने किंवा पाच हजार रुपये दंड अशी होती, ती दोन वर्षे आणि एक लाखापर्यंत वाढविली. हे सारे योग्यच आहे. परंतु हा कायदा वाड्यासाठी, किल्ल्यासाठी, मशिदीच्या घुमटासाठी उत्तम आहे, कारण तेथे जपायची वस्तू म्हणजे भिंत. येथे जपायची वस्तू भिंतीच्या पृष्ठभागावरचा केसाएवढ्या खोलीचा ओरखडा आहे. शंभर मीटरवर हॉटेल उभे राहिले नाही म्हणून ‘गहतापसा’तली अक्षरे झिजायची थांबत नाहीत. सह्याद्रीच्या तोंडावरचे हे दालन चार महिने ढगांत असते. समोरची बाजू उघडी असल्याने वारा आणि दमट हवा थेट लेखावर येते. वर्षानुवर्षे गिर्यारोहकांनी येथे मुक्काम केला, चुली पेटविल्या, धुराची पुटे चढली. कोणी नखाने, कोणी दगडाने आपली नावे कोरली. बाराशे-तेराशे वर्षे कोणाला वाचता न आलेल्या अक्षरांशेजारी सगळ्यांना वाचता येतील अशी नावे.

यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली आहे. भगवानलालांनी आणि ब्यूलरने वापरलेले ठसे, आणि १८८३ च्या खंडातील छापील पट्ट, यांना आता मूळ स्मारकाचाच दर्जा द्यावा लागतो. भिंतीवर जे दिसत नाही ते कागदावर दिसते. वाचनाचा वाद उद्भवला तर अभ्यासक घाटघरला जाण्याआधी ग्रंथालयात जातो आणि तसे करणे शहाणपणाचे आहे. मग संरक्षण कशाचे करायचे? माझ्या मते दोहोंचे. आज उरलेल्या प्रत्येक अक्षराचे त्रिमितीय मोजमाप करून ते सर्वांना खुले ठेवणे हे कुंपणाइतकेच कर्तव्य आहे, आणि दालनाशी त्या वीस ओळींचा संपूर्ण मराठी अनुवाद, फुटलेल्या जागा जशाच्या तशा मोकळ्या ठेवून, वाचायला मिळाला पाहिजे. जागा आणि कायदा यांची सूचना लावणे सोपे असते. महारठीच्या मुलीने काय लिहिले होते ते लावायला थोडे अधिक कष्ट पडतील. घाटघरच्या शाळेतल्या मुलांना तरी ते पाठ असावे. त्यांच्या गावाच्या नावावर हा पत्ता आहे.

घाटातली खोदकामे राजघराण्यापाशी संपत नाहीत. वाटेवर पाण्याची टाकी आहेत, प्राकृतात ज्यांना ‘पोढी’ म्हणत. एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली आहे. दुसरीवर वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या राज्याचे तेरावे वर्ष नोंदलेले आहे आणि दात्याचे नाव आहे दामघोष, राहणारा कामवनचा, गृहस्थ. नागनिकेनंतर बऱ्याच पिढ्यांनी तो या वाटेने गेला असणार. त्याला यज्ञ सांगायचे नव्हते की वंशावळ. नाव, गाव, राजाचे वर्ष आणि पाण्याचे टाके एवढेच त्याने लिहवून घेतले.